घरगुती कारण

आमच्या कारखान्यात काम सोडणाऱ्यासाठी एक छापील अर्ज आहे. नाव, टोकन नंबर, खातं, रुजू झाल्याची तारीख आणि सर्वांत खाली ‘नोकरी सोडण्याचे कारण’ अशी एक ओळ. मध्यंतरी ऑफिस वरच्या मजल्यावर हलवायचं ठरलं, तेव्हा जुन्या फायली बांधता बांधता मी हे अर्ज चाळले. पुरुषांची कारणं तऱ्हेतऱ्हेची होती. दुसरीकडे लागलो, गावी जातो, रिक्षा घेतली. बायकांच्या अर्जांवर बहुतेक ठिकाणी एकच होतं : ‘घरगुती कारण’. अक्षर बऱ्याचदा माझंच होतं, कारण त्या म्हणायच्या, “मॅडम, तुम्हीच लिहा काहीतरी.”

मागे काय होतं ते मला बहुतेकींचं ठाऊक होतं. सासऱ्यांना पॅरालिसिस झाला. आईचा खुबा मोडला आणि भाऊ परगावी. दिराला मानसिक आजार, त्याला घरात एकटं ठेवता येत नाही. बाळंतपणामुळे सोडून गेलेल्या बायका मी यात धरत नाही. त्यांच्यासाठी निदान कायदा आहे, २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. म्हाताऱ्या माणसाचं करायला म्हणून वेगळा एक दिवसही नाही.

माझ्या टेबलावर एचआरची पाटी आली ती अलीकडे, लोक अजून टाइम ऑफिसच म्हणतात. हजेरी, पगारपत्रक, ईएसआय, पीएफ हे माझं काम. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये या कामात माझी उमर गेली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत म्हणजे ही आमची इस्टेट. कोकणातून, घाटावरून विशीतली पोरं इथल्या शेडमध्ये कामाला लागली, किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगर, इंदिरानगर अशी आसपास राहिली. ती पोरं आता ऐंशीच्या पुढे आहेत. कारखाने बरेचसे गेले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत यांचीच नातवंडं हाउसकीपिंगला, सिक्युरिटीला, फार तर कॉम्प्युटरवर. म्हातारे मात्र तिथेच आहेत, छोट्या खोलीत, भिंतीकडेच्या पलंगावर. त्यांचं करणारे आमच्याकडे कामाला येतात.

टूलरूममधला एक फिटर रोज वीस मिनिटं उशिरा यायचा. चांगला कारागीर, कधी उलटून बोलणार नाही. पंचिंग मशीनवर त्याची लाल ओळ रोजची, आणि तीन लाल ओळींना अर्धा दिवस कापायचा हा आमचा नियम. सुपरवायझर म्हणाले, “मॅडम, याला मेमो द्या.” मेमो देण्याआधी मी त्याला बोलावलं. तो बराच वेळ काही बोलेना, मग सकाळ सांगितली. पाचला उठायचं. वडिलांचं डायपर बदलायचं, कुशीवर वळवून पाठ पुसायची, माकडहाडापाशी कातडी लाल झालीय का ते बघायचं. आई सत्तरीची, तिला ते अंग वळवत नाही. नाकात नळी आहे, त्यातून पातळ पेज द्यायची. ती पन्नास मिलीच्या सिरिंजने हळूहळू सोडावी लागते. घाईत ढकलली तर ठसका लागतो आणि पेज छातीत उतरते. एकदा तसं होऊन न्यूमोनिया झाला होता. पेज दिल्यावर लगेच आडवंही करता येत नाही, पाठीला उशा लावून बसवून ठेवायचं. बायको सातला निघते, तिची भांडुपला नोकरी.

म्हणजे ज्या वीस मिनिटांचा आम्ही पगार कापत होतो, ती सिरिंजची वीस मिनिटं होती.

मेमो मी दिला नाही. पण “बघते” म्हणण्याखेरीज माझ्या हातात काय आहे हा प्रश्न तेव्हा पडला, आणि घरच्या रुग्णाचं करणाऱ्याला सरकारातून काय मिळतं ते मी शोधू लागले. त्यासाठी एक वही घातली. ती वही आता चांगली जाडजूड झाली आहे, पण तिचा सारांश असा की बहुतेक सगळं रुग्णाच्या नावावर आहे. करणाऱ्याचं नाव शोधावं लागतं.

ईएसआयचंच घ्या. पगार २१,००० च्या आत असला की कामगाराचा पाऊण टक्का आणि कंपनीचे सव्वातीन टक्के भरायचे. त्यावर त्याचं स्वतःचं, बायकामुलांचं आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांचं औषधपाणी होतं. हॉस्पिटल आमच्या इस्टेटीतच आहे. खासगीत एका आयसीयूच्या बिलात मंगळसूत्र मोडलेली घरं मी पाहिली आहेत, त्यामुळे ईएसआयच्या कार्डाला कोणी नावं ठेवली की मला राग येतो. पण रोख पैसे मिळतात ते कामगार स्वतः आजारी पडला तर, पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. वडील पडले तर औषध फुकट, ते पाजणारा मात्र बिनपगारी. त्यामुळे माणसं काय करतात? स्वतः आजारी पडतात. एकाने मला सरळ विचारलं होतं, “मॅडम, बाबांचं ऑपरेशन आहे. टायफॉइडचं सर्टिफिकेट आणलं तर चालेल ना?” तो खोटारडा नव्हता. खरं सांगितलं तर बिनपगारी आणि खोटं सांगितलं तर ७० टक्के, असा हिशेब त्याच्यापुढे मांडून ठेवलेला होता.

आता पॅकिंगमधल्या बायकांची गंमत बघा, गंमत कसली म्हणा. सून सासूचं करते. पण ईएसआयच्या जुन्या कायद्यात बाईच्या कुटुंबात तिचे स्वतःचे आई-वडील येत, सासू-सासरे येत नसत. जिचं अंग ती रोज पुसते तिला कार्डावर घेता येत नव्हतं. त्याच बाईच्या पीएफच्या नियमांत मात्र नवऱ्याचे अवलंबून असलेले आई-वडील तिच्या कुटुंबात धरलेले होते. म्हणजे एकाच बाईची सासू पीएफला तिच्या घरची आणि ईएसआयला परकी. सामाजिक सुरक्षा संहितेत हे बदललं. संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तिच्यात बाई कामगाराच्या कुटुंबात अवलंबून असलेले सासू-सासरेही आले. चार श्रम संहितांवर आमच्या इस्टेटीत पुष्कळ चर्चा झाली, ग्रॅच्युइटीवर झाली, कपातीवर झाली. या ओळीबद्दल मला कोणी विचारलं नाही. मीच पॅकिंगमध्ये जाऊन सांगितलं.

पीएफमधून घरच्या माणसाच्या आजारपणासाठी उचल मिळते आणि ती परत भरावी लागत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं. लग्न आणि घर या दोन कारणांसाठीच पीएफ काढता येतो असं लोक धरून चालतात. पॅरालिसिस, कॅन्सर, क्षय, हृदयविकार, मानसिक आजार ही नावं त्या नियमात पूर्वीपासून आहेत. पण हे आपलेच साठवलेले पैसे, त्याला आधार म्हणावं का याबद्दल माझ्या मनात शंका आहे. म्हातारपणी आपलं कोणी करावं म्हणून बाजूला ठेवलेले पैसे बापाचं करण्यात जातात.

वहीतलं सर्वांत उपयोगी पान दिव्यांग प्रमाणपत्राचं. पॅरालिसिसच्या रुग्णाच्या घरच्यांना हे सुचतच नाही. “तो काय अपंग आहे का, आजारी आहे,” असं फिटरच्या आईनेही म्हटलं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत चलनवलनाचं दिव्यांगत्व येतं, कंपवात म्हणजे पार्किन्सन्स येतो, मानसिक आजार येतो. स्मृतिभ्रंशाचं मात्र यादीत नाव नाही, त्या घरांची फरपट वेगळीच. पक्षाघातानंतर काही महिने थांबावं लागतं, मग ऑनलाइन अर्ज, मग सरकारी रुग्णालयात रुग्णाला समक्ष न्यायचं. समक्ष नेणं कागदावर सोपं वाटतं. दुसऱ्या मजल्यावरून फिटरने वडिलांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चादरीने बांधलं, पुढे तो, मागे आमच्याच टूलरूममधले दोघे, आणि जिन्याच्या वळणावर खुर्ची तिरकी करायची. तिथे गेल्यावर सांगण्यात आलं, आज तपासणारे डॉक्टर नाहीत. पुन्हा खुर्ची, पुन्हा चादर. दिव्यांग कार्ड आलं तेव्हा त्यावर ८० टक्क्यांच्या वरचा आकडा होता आणि फिटर हसून म्हणाला, “बाबा डिस्टिंक्शनमध्ये पास.”

या कार्डावर काय मिळतं? एसटीत सवलत, रेल्वेत सवलत, सोबत नेणाऱ्यालाही काही बाबतींत सवलत. पण जो माणूस पलंगावरून हलत नाही त्याच्या सोबत्याला एसटीची सवलत काय करायची! आयकरात ८०डीडीखाली ७५,००० ची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० ची वजावट आहे, तीही जुन्या करपद्धतीत. आमच्या शॉपफ्लोअरवर आयकर भरण्याइतका पगार कितीजणांना? खरा कामाला आला तो व्यवसायकर. मतिमंद मुलाच्या आई-वडिलांना महाराष्ट्रात तो माफ आहे. पगारपत्रकातले महिन्याचे २०० रुपये. स्टोअरमधल्या एका गृहस्थांचा मुलगा तसा आहे, त्यांचा हा कर वर्षानुवर्षं कापला जात होता. तो थांबवला तेव्हा ते म्हणाले, रकमेचं राहू द्या, पण पगाराच्या चिठ्ठीवर पहिल्यांदाच मुलाची दखल घेतली गेली. करणाऱ्याच्या स्वतःच्या हातात थेट काही पडतं अशा ज्या थोड्या गोष्टी मला सापडल्या, त्यांतली ही एक.

संजय गांधी निराधार योजनेचं सांगते. २०२५ मध्ये दिव्यांगांची रक्कम महिना दीड हजारावरून अडीच हजार झाली, चांगलंच झालं. पण या योजनेसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत लागतं, दिव्यांगांसाठी ५०,००० च्या आत. ईएसआयची पगारमर्यादा २१,००० आणि निराधारची २१,०००, आकडा एकच, फक्त एक महिन्याचा आणि एक वर्षाचा. या दोहोंच्या मध्ये अख्खं किसननगर राहतं. मुख्यमंत्री वयोश्री योजना त्या मानाने बरी. २०२४ ची, ६५ च्या वरच्यांना, उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर ३,००० रुपये एकदाच, चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची असल्या वस्तूंसाठी. कमोड खुर्चीने एखाद्या घरात किती फरक पडतो ते ज्याने मोरीपर्यंत माणूस उचलून नेला आहे त्यालाच कळेल.

२०१६ च्या त्या दिव्यांग हक्क कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. काळजीवाहक कोण, याची त्यात व्याख्या केली आहे, आणि मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी घेणारे, आई-वडील आणि घरचे धरून, असं त्यात स्पष्ट आहे. पुढे कलम २४ मध्ये, ज्यांना फार मोठ्या आधाराची गरज आहे त्यांना काळजीवाहक भत्ता देण्याचंही म्हटलं आहे. हे वाचलं तेव्हा मी जेवणाच्या सुटीत पेन घेऊन त्याखाली रेघ ओढली होती. माझ्या ओळखीच्या एकाही घरात तो भत्ता अजून आलेला नाही. केरळात ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना आहे, अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्याच्या नावाने महिना ६०० रुपये. ६०० रुपयांत डायपरचं मोठं पाकीटही धड येत नाही. पण ते करणाऱ्याच्या नावाने आहेत.

उलट बाजूला, मुलाने आई-वडिलांकडे पाहिलं नाही तर काय, याचा कायदा मात्र तयार आहे. २००७ चा. प्रांताकडे अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी लावता येते, म्हाताऱ्याला टाकून दिलं तर तीन महिन्यांची कैदही आहे. असावा, त्याची गरज असलेली घरं मी पाहिली आहेत. फक्त जो बघतो त्याच्याविषयी त्यात काही नाही.

पॅकिंगमध्ये एक बाई आहेत. सासूबाई अंथरुणावर, नवरा रात्रपाळीला. त्यांनी ब्युरोतून बारा तासांची मावशी ठेवली होती. एकदा त्या माझ्यासमोर बसून हिशेब करायला लागल्या. “मॅडम, मावशीचा पगार आणि माझा पगार, पाचशे-सातशेचा फरक. घरी बसले तर मला कोण देणार? आणि इथे आले तर तिला द्यायचा. मग मी कामाला येते कशाला?” मी म्हटलं, पीएफ आहे, कार्ड आहे, दहा वर्षांची नोकरी आहे. त्या म्हणाल्या, “ते आहेच हो. पण खरं सांगू का, इथे आले की आठ तास मला कोणी हाक मारत नाही.” पॅकिंग लाइनवरचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे वाक्य नवलाचं वाटेल. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरातल्या कोणाची ना कोणाची काळजी घेण्यात वेळ घालवतात, पुरुषांत ते प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास. आणि अशी काळजी घेणारी बाई त्या कामाला दिवसाला सुमारे १४० मिनिटं देते, पुरुष ७४. आमच्या पाळीच्या भाषेत बोलायचं तर ती बाई रोज सव्वादोन तासांहून जास्त ओव्हरटाइम करते, आणि तो कुठल्याच मस्टरवर चढत नाही.

पैसे मिळवून देणं माझ्या हाती नव्हतं. वेळ काही अंशी होता. आमच्याकडे सूट मिळायची, नाही असं नाही. पण ती सुपरवायझरच्या मनावर. ज्याला त्यांच्यासमोर डोळ्यांत पाणी आणता येतं त्याला सुटी, ज्याला नाही त्याला लाल ओळ. पुरुषांना हे जमत नसे. फिटरला तर नाहीच. त्यामुळे मी शेठना म्हटलं, दया करू नका, परिपत्रक काढा. सुपरवायझरचा विरोध होता. “उद्या सगळ्यांच्याच घरी म्हातारे निघतील.” मी म्हटलं, आहेतच सगळ्यांच्या घरी, तुमच्याही आहेत. त्यावर ते गप्प झाले, पण मान्य केलं नाही. शेठ गुजराती, व्यवहारी माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, “प्रॉडक्शनला फरक पडेल?” चांगला फिटर शोधायला आम्हाला किती महिने लागले होते ते मी त्यांना सांगितलं.

परिपत्रक अर्ध्या पानाचं आहे. घरात अंथरुणाला खिळलेला किंवा एकटा ठेवता न येणारा रुग्ण असेल तर अर्धा तास उशिरा येता येईल, तो संध्याकाळी भरून द्यायचा. पाळी तीन महिने बदलणार नाही. आपसांत पाळी बदलायची असेल तर टाइम ऑफिसला कळवलं की पुरे. रजा फोनवर सांगितली तरी धरली जाईल. पुरावा म्हणून डिस्चार्ज कार्ड किंवा दिव्यांग कार्ड यांपैकी एक, दर वेळी नवं मागायचं नाही. शेवटची ओळ घालण्यासाठी मी सर्वांत जास्त भांडले. आजारी माणसाच्या घरून दर महिन्याला डॉक्टरची चिठ्ठी मागणं म्हणजे दर महिन्याला खोटेपणाचा संशय घेणं.

पूर आला नाही. अर्ज थोडेच आले. गंमत म्हणजे पहिले दोन्ही पुरुषांचे होते. एक फिटर, आणि दुसरा फोर्कलिफ्टवाला, ज्याच्या बायकोला डायलिसिस चालू आहे हे त्याच्या शेजारी जेवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. सुपरवायझरांनी आजवर अर्ज केलेला नाही, पण त्यांच्या आईला हल्ली घराचा रस्ता आठवत नाही असं कानावर आलं आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून घरच्याची काळजी घेणाऱ्या कामगाराला वर्षातून एक आठवडा रजेचा हक्क मिळाला, तीही बिनपगारी. आठवड्याने काय होतं, असं एक भाचा तिकडून फोनवर म्हणाला. आमचं अर्ध्या तासाचं आहे.

पैसा आणि वेळ यांखेरीज तिसरी एक गोष्ट लागते, बोलायला माणूस. यात ठाणं नशीबवान म्हणायचं. १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आमच्या जवळच आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत रुग्णांच्या घरच्यांचे आधारगट चालतात. दिराचं करणाऱ्या त्या बाईंना मी तिकडे पाठवलं. त्यांनी नोकरी सोडलीच, पण नंतर एकदा नाक्यावर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, तिथे गेल्यावर कळलं, दीर मला शिव्या देतो तेव्हा तो आजार बोलत असतो. हे कळल्याने काम कमी झालं नाही, राग कमी झाला.

आमच्या परिपत्रकात एक मोठं भोक आहे. ते कायम कामगारांना लागू आहे. पॅकिंगमधल्या निम्म्याहून जास्त बायका आता कंत्राटदाराच्या आहेत. त्यांची हजेरी त्याच्या वहीत, त्यांचा अर्धा तास त्याच्या मर्जीवर. अलीकडेच त्यांच्यातली एक माझ्याकडे आली, आईच्या खुब्याचं ऑपरेशन, पाळी बदलून हवी होती. मी कंत्राटदाराच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही सांगताय म्हणून करतो.” म्हणजे पुन्हा मर्जीच, या वेळी माझ्या शब्दाची. कंत्राटाचं नूतनीकरण मार्चअखेर आहे. परिपत्रकातली सगळी कलमं त्यात जशीच्या तशी घालावीत असं मी शेठना लेखी दिलं आहे. त्यांनी कागदावर ‘चर्चा करू’ असा शेरा मारून तो परत पाठवला. कंत्राटदाराच्या बायकांना मी सांगितलं आहे, ज्यांच्या घरी कोणी पडून आहे त्यांनी डिस्चार्ज कार्डाची एक झेरॉक्स आतापासूनच माझ्याकडे आणून ठेवा.